घडीचं फावडं

“शेलार, हे कसं वाटतं?”

सबनीस साहेबांनी हिरव्या रंगाचं एक घडीचं फावडं माझ्या हातात दिलं. रविवारची सकाळ होती. जुन्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. लष्कराच्या मोडीत निघालेल्या वस्तू विकणारा दुकानदार आमच्याकडे बघत होता, आणि ही दोन म्हातारी माणसं घेणार काही नाहीत, नुसता पसारा करणार, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मी पातं उघडलं, दांड्यावरची आट्यांची कडी फिरवून घट्ट केली आणि फावडं जमिनीला टेकवून अंगाचा भार टाकला. सांध्यात कुरकुर झाली.

“नको साहेब. आटे झिजलेत. दोन दिवसांत पातं डुलायला लागेल.”

“पण रंग बघा की, अगदी नवं दिसतंय.”

“म्हणूनच रंगवलंय.”

दुकानदाराने नाक मुरडलं आणि दुसरं काढून दिलं. त्याच्या एका कडेला करवतीसारखे दात होते. साहेब एकदम खूश झाले. त्यांना दिसायला दमदार असलेली प्रत्येक वस्तू आवडायची. कारखान्यातही त्यांनी अशीच दोन यंत्रं घेतली होती आणि ती आम्ही वर्षभर दुरुस्त करत बसलो होतो.

“हे दात मुळं कापायला असतात,” मी म्हणालो. “धरणाच्या पात्रात मुळं कुठली? तिथं हे वस्तूलाच ओरबाडतील.”

“मग ते रुंद पात्याचं घेऊ. माती भराभर निघेल.”

“साहेब, आपल्याला विहीर खणायची नाही. डिटेक्टर वाजला की तिथं वीतभर चकती कापायची, ती अलगद उचलायची, आत काय आहे ते हाताने बघायचं. रुंद पातं घातलं तर एका वस्तूच्या दोन वस्तू होतील.”

साहेब हसले. “म्हणजे माती किती निघते ते बघायचंच नाही?”

“काय मोडत नाही ते बघायचं.”

हे वाक्य बोलून मी स्वतःवरच खूश झालो. कारखान्यात सबनीस साहेब वर्क्स मॅनेजर आणि मी टूलरूममधला फिटर. बावीस वर्षं त्यांनी मला “ए शेलार” याखेरीज दुसरी हाक मारली नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांना जुन्या वस्तू शोधायचा नाद लागला, मुलाने परदेशातून धातू शोधणारा डिटेक्टर आणून दिला, आणि एके दिवशी ते माझ्या दारात येऊन म्हणाले, “तुम्ही मोकळे आहात का?” त्या ‘तुम्ही’ने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. पुढे जे झालं त्याला ते एक कारण होतंच, हे आज बारा वर्षांनी कबूल करायला मला लाज वाटत नाही. लाजायला त्याहून मोठ्या गोष्टी आहेत.

शेवटी ढिगाच्या तळातून मीच एक फावडं उपसून काढलं. रंग उडालेला, पातं अरुंद आणि टोकाशी निमुळतं. सरळ ठेवलं तर खणता येई, काटकोनात वळवलं तर खरवडून माती ओढता येई. घडी केली की पिशवीत मावेल एवढं. मी ते नखाने वाजवलं. आवाज स्वच्छ आला. खिशातली छोटी कानस काढून कडेवर फिरवली तर ती नुसती घसरली.

“याला नीट पाणी दिलंय,” मी म्हणालो. “हे घ्या.”

“या भंगारातून बरोबर हेच काढलंत,” दुकानदार म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने मला ‘या, बसा’ म्हटलं.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “शेलार, तुमच्याशिवाय माझं काही खरं नाही.” घरी येऊन मी दोन तास त्या पात्याला धार लावत बसलो.

हे सगळं कशासाठी, तर माझं गाव वर आलं होतं. आमची वडवली धरणाखाली गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. फावडं घेतलं त्या साली पाऊस असा दडी मारून बसला की धरणाचं पाणी तळाला गेलं आणि वडवलीची जोती, देवळाचा चौथरा, पाण्याच्या दगडी डोणी, सगळं चिखलातून उघडं पडलं. साहेबांनी वर्तमानपत्रात फोटो पाहिला आणि ते हट्टालाच पेटले. घराघराच्या जागी शोधायचं, जे मिळेल त्याचं पुण्यात प्रदर्शन भरवायचं, वडवलीचं नाव पाटीवर लिहायचं. आमचं नाव सरकारी कागदाखेरीज कुठे लिहिलेलं मी बघितलं नव्हतं. मला ते फार आवडलं.

नव्या वडवलीत, म्हणजे जिथे आम्हाला नेऊन बसवलं होतं तिथे, मारुतीपुढे चार जाणती माणसं जमवली. एकच अट ठरली: ज्याच्या जोत्यात जे सापडेल ते आधी त्याला दाखवायचं, तो म्हणेल तसं करायचं.

“आन् तुझा सायब पळाला घिऊन, तर?” त्यांच्यातल्या रंगूतात्यांनी विचारलं.

“साहेबांची हमी माझी,” मी म्हणालो.

कुणाचं घर कुठे होतं ते नीट सांगू शकेल असं माणूस गावात एकच उरलं होतं, आणि ते माझ्याच घरात होतं. माझी चुलती, हौसाकाकू. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, डोळे शाबूत, डोकं त्याहून शाबूत. मला तिनेच वाढवलं. आई शेतात असायची आणि मी काकूच्या मांडीवर. तिला पोरबाळ नव्हतं, एवढंच मला ठाऊक होतं.

काकूने जमिनीवर चिंचोके पसरले. एकेक चिंचोका म्हणजे एकेक घर.

“ह्यो रंगूचा वाडगा. हितनं वाट खाली नदीला. हे तांबोळ्याचं. ह्येच्या मागं सुताराचं, त्येची भिंत कायम वाकडी.” मी कागदावर उतरवून घेत होतो. आमच्या घरापाशी आल्यावर ती थांबली. दोन चिंचोके हातातच राहिले.

“काय गं?”

“मधू, आपल्या न्हाणीच्या भायेर डोण हुती. ध्यानात हाय?”

“आहे की. तिच्यात मी पोहायचो.”

“त्या डोणीच्या मागं, दोन हातावं, तितं खनायचं न्हाई.”

“बरं. पण का?”

तिने ते चिंचोके मुठीत मिटले. मग तिने जे सांगितलं ते साठ वर्षांत तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं ती सगळी माणसं गेली होती. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी तिला मुलगी झाली होती. पाच महिन्यांची होऊन तापाने गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. काकूने तिला लांब नेऊ दिलं नाही. डोणीमागेच खड्डा घेतला, म्हणजे भांडी घासताना जवळ.

“तिच्या पायांत वाळे हुते. माज्या बानं केल्याले, बारशाला. सोनाराकडं चांदी कमी पडली, म्हनून एकात पाच घुंगरं आन् दुसऱ्यात चारच. सासू म्हनली, काढून ठेव, म्होरल्याला हुतील. म्या न्हाई काढू दिले. पाय धरून बसले. म्हनलं, वाजत जाऊ द्या तिला.”

मी तिचा हात धरला.

“गाव सोडताना समदी देव घिऊन निगाली,” ती म्हणाली. “म्या तिला तितंच ठिवली. पानी आलं तवा वाटलं, झाकली गेली, बरं झालं. आता उगडी पडलीया. तितं त्ये यंत्र न्यायचं न्हाई. आन् मधू, ह्ये कुनाला बोलू नगंस. सायबाला सुदीक न्हाई.”

“नाही बोलणार.”

“माज्या गळ्याची आन घे.”

मी घेतली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पात्रात उतरायला लागलो. रस्त्यापासून दीड कोस चालत जायचं, चिखल वाळून भेगाळलेला, वर ऊन असं की टोपीखाली डोकं उकळायचं. साहेब डिटेक्टर फिरवायचे, वाजला की मी गुडघे टेकायचो. ते फावडं माझ्या हातात लोण्यात सुरी फिरावी तसं फिरायचं. एक-दोन दिवसांत साहेबही खणायला शिकले. मीच शिकवलं: चारी बाजूंनी तिरकं कापायचं, खालून उचलायचं, शेवटची चार बोटं माती हाताने. साहेबांचा हात बसायला वेळ लागला नाही. हुशार माणूस होता, ते मी आजही नाकारत नाही.

नांगराचा फाळ सापडला, कड्या-कोयंडे सापडले, तांब्याचे पैसे सापडले. रंगूतात्यांच्या वाडग्यात, गुरं बांधायच्या जागी, बैलाच्या गळ्यातली घंटा मिळाली. साहेबांनी ती स्वतः नेऊन तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी ती कानाशी धरली आणि म्हातारा हमसून हमसून रडला. त्या दिवसापासून गावाने साहेबांना डोक्यावर घेतलं. घरोघरी चहा, घरोघरी पोहे. काकूनेही त्यांना एकदा पिठलं-भाकरी करून वाढली.

पाचव्या दिवशी आम्ही आमच्या जोत्यावर आलो. डोण तशीच होती, तिच्यात वाळू भरलेली. साहेब डिटेक्टर फिरवत न्हाणीपर्यंत आले आणि डोणीला वळसा घालायला लागले.

“तिकडे नको साहेब.”

“का हो?”

साप आहे म्हणालो असतो तरी चाललं असतं. दलदल आहे म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, “घरच्यांनी नको म्हटलंय.”

साहेबांनी डिटेक्टर बंद केला. माझ्याजवळ आले. “शेलार, इतके दिवस बरोबर आहोत. आपल्यात काय लपवाछपवी? कारण कळलं तर मी चुकूनही पाय टाकणार नाही.”

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटलं असं नाही, त्यांनी मला विश्वासाचा माणूस मानलं याचं अप्रूप वाटलं. मी सगळं सांगितलं. मुलगी, ताप, वाळे, पाच घुंगरं, चार घुंगरं. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्या जागेकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले. केवढा मोठा माणूस, मला वाटलं.

“खूण करून ठेवा,” ते म्हणाले. “उद्या माझा पाय पडायला नको.”

म्हणून मी काकूने सांगितलेले दोन हात मोजले आणि त्या जागेभोवती नदीतले पाच गोटे गोल मांडले. माझ्या हाताने मांडले.

पुढच्या आठवड्यात माझ्या मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा होता. मी एक दिवस गेलो नाही. साहेब एकटेच जाऊन आले. संध्याकाळी फोनवर म्हणाले, “आज काही नाही हो. नुसते खिळे.” मग पावसाळा आला आणि गावावर पुन्हा पाणी चढलं.

प्रदर्शन दिवाळीनंतर भरलं. पुण्यातल्या एका सभागृहात, दोन खोल्या. दारावर मोठी पाटी: ‘पाण्याखालची वडवली’. खाली साहेबांचं नाव आणि त्याखाली जरा लहान अक्षरांत माझं. गावाने एक गाडी केली. काकूने ठेवणीतलं लुगडं नेसलं. शेजारची सुंदरा तिचा हात धरून होती. काकूचं पहिल्यापासून तिच्याशी जमायचं.

काचेच्या पेट्या होत्या, आत दिवे. रंगूतात्यांनी घंटा प्रदर्शनापुरती परत दिली होती. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, “ही माजी. माज्या बैलाची.” मी एका वर्तमानपत्रवाल्याला पोलाद कसं ओळखावं ते समजावून सांगत होतो. काय मोडत नाही ते बघायचं, हे वाक्य त्याने लिहून घेतलं.

तेवढ्यात सुंदरा आली. “भावजी, काकू तिकडं उभ्या ऱ्हायल्यात. हालत न्हाईत.”

कोपऱ्यातल्या पेटीत निळ्या मखमलीवर चांदीचे दोन वाळे ठेवले होते. घासून लखलखीत केलेले. काकू काचेला बोट लावून मोजत होती. एक, दोन, तीन, चार, पाच. मग दुसऱ्यावर. एक, दोन, तीन, चार. तिथे बोट थांबलं.

मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

“मधू,” ती म्हणाली, “काय लिवलंय तितं?”

चिठ्ठीवर लिहिलं होतं: बाळाचे चांदीचे वाळे. नदीकाठच्या वाळूत सापडले. मी वाचून दाखवलं. दुसरं काय करणार होतो?

“नदीकाठी न्हवते,” काकू म्हणाली.

मी साहेबांकडे गेलो. ते पाहुण्यांच्या घोळक्यात होते. मी त्यांच्या दंडाला धरलं. बावीस वर्षांत मी त्यांच्या अंगाला हात लावला नव्हता.

“साहेब, वाळे तुम्ही काढलेत.”

त्यांनी मला बाजूला घेतलं. चेहरा जरासुद्धा बदलला नाही. “शेलार, शांत व्हा. या उन्हाळ्यात पात्रात किती लोक फिरत होते ते तुम्हाला माहीत आहे. तुमचे ते गोटे बघून कुणीही खणलं असतं. वितळवून विकलं असतं. मी निदान जपलं.”

“तुम्ही हात जोडले होते.”

“मनापासून जोडले होते. खणण्याआधी पुन्हा जोडले.”

“आणि आत... आत काय होतं?”

“काही नव्हतं हो. इतक्या वर्षांत काय राहणार? माती. काळी मऊ माती.” मग त्यांनी आवाज खाली आणला, आणि एखाद्याला शाबासकी द्यावी तसे म्हणाले, “खरं सांगू? तुमचं फावडं होतं म्हणून जमलं. इतकं स्वच्छ निघालं, एक घुंगरूसुद्धा वाकलं नाही.”

माझा हात उठला नाही. उठायला हवा होता. मी एवढंच म्हणालो, “तुम्ही केसाने गळा कापलात साहेब,” आणि माझा आवाज असा फुटला की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. लोक बघतायत म्हटल्यावर साहेबांनी किल्ली काढली, पेटी उघडली आणि वाळे काकूच्या ओंजळीत ठेवले.

“आजी, माझं चुकलं असेल,” ते म्हणाले. “पण हे जगाला दिसायला हवं होतं, असं मला वाटलं.”

काकूने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाळे हातात घेऊन ती माझ्याकडे बघत होती.

“आता तितं पानी किती असंल रं?”

“तीन-चार पुरुष खोल असेल काकू.”

“म्हंजी परत ठिवता यायाचं न्हाई.”

“नाही.”

तिने वाळे पदराच्या टोकाला बांधले. गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा एक गाठ मारली. मग म्हणाली, “सायबाला कुनी सांगितलं?”

सबनीस साहेब तिथेच उभे होते. रंगूतात्या उभे होते, सुंदरा उभी होती. मला सगळा राग साहेबांवर काढायचा होता. कितीतरी शब्द तोंडात आले होते. पण तिने प्रश्न त्यांना विचारला नव्हता.

“मी,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. गाडीत येताना ती माझ्या शेजारी बसली होती, जाताना सुंदराजवळ जाऊन बसली.

साहेबांशी माझा संबंध त्या दिवशी तुटला. माझ्या नावाची ओळ पाटीवरून पुसून टाका असा निरोप मी पाठवला. पुसली की नाही, कळलं नाही. त्यांचा राग मला अजून येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं, कारण त्या रागाच्या आडोशाला बरं असतं.

काकू त्यानंतर सहा वर्षं जगली. माझ्याच घरात. मला कधी टाकून बोलली नाही. ताटात पहिली भाकरी मलाच यायची. पण पूर्वी ती मला सगळं सांगायची: गुडघा कुठे ठणकतो, स्वप्नात कोण आलं, सुनेने, म्हणजे माझ्या बायकोने, दुधात पाणी किती घातलं. ते सगळं थांबलं. “काकू, बरं आहे ना?” म्हटलं की “बरं हाय.” एकदा मी धीर करून विचारलं, “वाळे कुठे ठेवलेस?” ती म्हणाली, “ठिवलेत.” आणि तांदूळ निवडायला लागली.

शेवटच्या आजारात तिने दुखणंही मला सांगितलं नाही. सुंदरा येऊन सांगायची, भावजी, त्यांना हितं दुखतंय, तितं दुखतंय.

काकू गेली. मुलगा नव्हता म्हणून सगळं मीच केलं. दहावा झाला, तेरावा झाला. मग मी तिची ट्रंक उघडली. चार लुगडी, एक जपमाळ, माझ्या शाळेतला एक फोटो. वाळे नव्हते. फडताळ बघितलं, देव्हारा बघितला, उतरंड उतरवून बघितली. मला ते नको होते, देवाशपथ. ते नीट जागी आहेत एवढंच मला कळायला हवं होतं.

शेवटी सुंदराकडे गेलो. ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती.

“सुंदरा, काकूने ते वाळे कुठे ठेवले, तुला काही माहीत आहे?”

“हाय,” ती म्हणाली.

“कुठं?”

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

“सांगायचं न्हाई म्हनल्यात भावजी. माजा हात धरून वचन घेतलंय.”

“अगं, पण मी काय परका आहे? मलासुद्धा नाही?”

सुंदराने मान खाली घातली. तिला वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं.

“तुमालाच,” ती म्हणाली.